त्या इमारतींत माणसं होती का रे?

ठाण्याच्या मल्टिप्लेक्समधून तिघं बाहेर पडले तेव्हा पावसाने चांगलाच जोर धरला होता. साल २०१३, महिना जूनचा. रिक्षात मधे आई आणि दोन बाजूंना दोन मुलगे. थोरला ३१ वर्षांचा, बँकेत नोकरीला. धाकटा २२ वर्षांचा, इंजिनीअरिंगचा शेवटचा पेपर देऊन नुकताच मोकळा झालेला. दोघांचं कडाक्याचं भांडण जुंपलं होतं आणि तेही आईच्या डोक्यावरून. रिक्षावाला आरशातून अधूनमधून मागे बघत होता. त्याला वाटलं असणार, वाटण्या चालल्यात!

भांडण जमिनीचं नव्हतं, पैशांचंही नव्हतं. सुपरमॅनचं होतं.

‘मॅन ऑफ स्टील’ त्या १४ जूनला भारतात लागला होता. सुपरमॅनची कहाणी पुन्हा पहिल्यापासून सांगणारा, नव्या नटाचा, नव्या चेहऱ्याचा सिनेमा. दिग्दर्शक झॅक स्नायडर, सुपरमॅनच्या भूमिकेत हेन्री कॅव्हिल. शेवटचा जवळजवळ पाऊण तास नुसता कडकडाट. मेट्रोपोलिस शहराच्या उंचच उंच इमारती पत्त्यांसारख्या खाली येतात, धुळीचे लोट उठतात, सुपरमॅन आणि त्याचा वैरी जनरल झॉड एकमेकांना एका इमारतीतून आरपार दुसऱ्या इमारतीत भिरकावतात. धाकटा खुर्चीच्या टोकावर येऊन बघत होता. थोरला हळूहळू खुर्चीत मागे सरकत गेला होता.

‘‘हा सुपरमॅनच नव्हे,’’ रिक्षात बसल्या बसल्या थोरल्याने निकाल दिला.

‘‘दादा, तुझा सुपरमॅन व्हिडिओ कॅसेटबरोबर गेला,’’ धाकट्याने तोडलं.

तीन सिग्नल होईपर्यंत आई गप्प होती. मग पदराने चष्मा पुसत तिने विचारलं, ‘‘त्या इमारतींत माणसं होती का रे?’’

‘‘आई, सिनेमा आहे तो!’’ धाकटा म्हणाला.

‘‘मी तरी दुसरं काय म्हणतोय?’’ थोरला म्हणाला.

गंमत अशी, की या मायलेकांची रिक्षा पावसातून घराकडे चालली होती त्याच सुमारास अमेरिकेत हजारो लोक नेमका हाच प्रश्न विचारून एकमेकांच्या उरावर बसत होते. त्यांतला एक तर कुणी साधासुधा प्रेक्षक नव्हता. मार्क वेड हा सुपरमॅनच्या कॉमिक्सचा नामवंत लेखक. २००३-०४ मध्ये त्याने ‘बर्थराइट’ नावाने सुपरमॅनची जन्मकथा नव्याने लिहिली होती. सुपरमॅनच्या छातीवरचं ते ‘एस’सारखं दिसणारं चिन्ह म्हणजे त्याच्या ग्रहावरची आशेची खूण, ही कल्पना त्यातली. नव्या सिनेमाने ती उचललीही होती. म्हणजे सिनेमात थोडा वाटा त्याचाही! पण शेवटी सुपरमॅन दोन्ही हातांनी झॉडची मान मोडतो, त्या क्षणी हा गृहस्थ थिएटरात ताडकन उभा राहिला आणि आपलं आता या सिनेमाशी नातं संपलं असं मोठमोठ्याने ओरडला. त्याच्या मैत्रिणीने त्याला अक्षरशः ओढून खाली बसवलं. हे सगळं त्याने स्वतःच पुढे लिहून सांगितलं. त्याचं दुःख नुसतं त्या मानेपुरतं नव्हतं. एवढं शहर कोसळत असताना सुपरमॅन लोकांना वाचवायला थांबतो कुठे, हा त्याचा सवाल होता.

वेडने हा प्रश्न काही पहिल्यांदा उकरला नव्हता. १९९६ मध्ये चित्रकार अ‍ॅलेक्स रॉसबरोबर त्याने ‘किंगडम कम’ ही चित्रकथा केली. तिच्यातली नव्या पिढीची महामानव मंडळी एकमेकांशी झुंजण्यात इतकी दंग असतात, की भोवतालची माणसं त्यांना दिसेनाशी होतात आणि एका झुंजीत अमेरिकेचं अख्खं कॅन्सस राज्य उजाड होतं. कॅन्सस म्हणजे सुपरमॅन ज्या शेतकऱ्याच्या घरी वाढला ते राज्य. सतरा वर्षांपूर्वी इशारा म्हणून लिहिलेली गोष्ट पडद्यावर टाळ्यांसाठी दाखवली जात्येय असं त्या माणसाला वाटलं असेल, तर त्यात नवल नाही.

बरं, अमेरिकन माणूस नुसता चिडून थांबत नाही. तो हिशेब मांडतो. नैसर्गिक आपत्तीत किती नुकसान होईल याचे अंदाज बांधणाऱ्या एका तज्ज्ञाकडून मेट्रोपोलिसच्या नाशाचं गणित करून घेण्यात आलं. उत्तर आलं : १ लाख २९ हजार मृत, अडीच लाखांहून अधिक बेपत्ता, दहा लाखांच्या आसपास जखमी. नुकसान सगळं मिळून दोन लाख कोटी डॉलरच्या घरात! हे अर्थातच लुटुपुटीचं गणित. तरी थोरल्याने तो आकडा बँकेतल्या सवयीने एका कागदावर लिहून फ्रिजच्या दारावर लावला. धाकट्याने खाली लिहिलं : ‘तो तेव्हा हिंदी महासागरात होता!’

आणि धाकट्याचं म्हणणं चुकीचं नव्हतं. सिनेमा नीट पाहणाऱ्यांना ठाऊक असतं, की मेट्रोपोलिसमधल्या बहुतेक इमारती सुपरमॅनच्या ठोशांनी पडतच नाहीत. झॉडचं एक जहाज शहरावर उभं राहून जमीन चिरडत असतं आणि त्याचं जोडीदार यंत्र पृथ्वीच्या दुसऱ्या बाजूला, हिंदी महासागरात उतरलेलं असतं. सुपरमॅन ते यंत्र फोडायला गेलेला असतो. ते फुटलं नसतं तर मेट्रोपोलिसच काय, ठाणंही उरलं नसतं. शिवाय हा सुपरमॅन अगदी नवशिका. जगापुढे येऊन त्याला दोन दिवस झालेले नाहीत आणि गाठ पडली ती जन्मभर लढाईचंच शिक्षण घेतलेल्या सेनापतीशी. शेवटी झॉड डोळ्यांतल्या किरणांनी एका कुटुंबाला जाळू पाहतो तेव्हाच तो मान मोडतो आणि मग गुडघ्यांवर बसून गुरासारखा हंबरतो. ‘‘त्याला मजा आली असती तर हंबरला असता का?’’ धाकटा विचारायचा.

थोरल्याचं उत्तर तयार असायचं. हंबरण्याच्या जरा आधी, भोवती शहराची राख पडत असताना, तो नायिकेचं चुंबन घेतो त्याचं काय?

थोरल्याची ही ओढ कुठून आली तेही सांगायला हवं. लहानपणी मामाच्या ट्रंकेत त्याला इंद्रजाल कॉमिक्सचा गठ्ठा सापडला होता. १९९० मध्ये ती कॉमिक्स बंद पडली, पण ट्रंकेत ती जिवंत होती. त्यातला वेताळ दोन दोन पिस्तुलं बाळगायचा, पण नेम धरायचा तो समोरच्याच्या हातातल्या हत्यारावर. मग गल्लीतल्या व्हिडिओ लायब्ररीतून आणलेली, रेघारेघांनी भरलेली १९७८ च्या ‘सुपरमॅन’ची कॅसेट. ख्रिस्तोफर रीव्ह. पहिल्याच रात्री तो कोसळणारं हेलिकॉप्टर झेलतो, चोर पकडतो आणि त्याच रात्री एका लहान मुलीचं झाडावर अडकलेलं मांजर खाली उतरवून देतो. हेलिकॉप्टर झेलणाऱ्याला मांजरासाठी वेळ आहे! आठ-नऊ वर्षांच्या पोराच्या मनात सुपरमॅन त्या मांजरापाशी जो वसला तो वसलाच.

पुढच्या, १९८० च्या सिनेमातही हाच झॉड आहे, हेच मेट्रोपोलिस आहे, रस्त्यात मारामारी आहे. तिथेही फुंकरीने माणसं उडतात, पण ती हसवण्यासाठी; टेलिफोन बूथ आडवा झाला तरी एक गृहस्थ आपला बोलतोच आहे. मात्र याला या माणसांची काळजी आहे हे झॉडच्या लक्षात येतं आणि ते तिघं एक भरलेली बस उचलून भिरकावतात. मग सुपरमॅन काय करतो? शहर सोडून निघून जातो. लोकांना वाटतं पळाला. त्याला तर लढाई माणसांपासून दूर, बर्फात न्यायची असते. थोरल्याचं हे ब्रह्मास्त्र होतं.

‘‘आणि बर्फात नेऊन काय करतो? शक्ती गेलेल्या झॉडचा हात चिरडून त्याला कड्यावरून खाली टाकतो. मारतोच ना?’’

‘‘ते जिवंत पकडल्याचं दृश्य चित्रित केलं होतं. कापलं नंतर.’’

‘‘कापलेलं मोजायचं नाही!’’

हे असं रात्री जेवण होईपर्यंत चालायचं. धाकट्यानेही मग अभ्यास वाढवला. १९८८ मध्ये जॉन बर्न या लेखक-चित्रकाराच्या कॉमिक्समध्ये सुपरमॅनने तीन गुन्हेगारांना स्वतःच्या हाताने देहदंड दिला होता, हे त्याने शोधून काढलं. त्यावर थोरल्याने पुढचे अंक शोधले. त्या कृत्याचा सल सहन न होऊन सुपरमॅन पृथ्वी सोडून अवकाशात भटकत राहतो, असं त्यात निघालं. मग धाकटा थेट मुळावर गेला. जेरी सिगेल आणि जो शूस्टर या क्लीव्हलंडच्या दोन पोरांनी जन्माला घातलेला सुपरमॅन जून १९३८ च्या ‘अ‍ॅक्शन कॉमिक्स’च्या पहिल्या अंकात आला. त्याच मासिकाच्या आठव्या अंकात, जानेवारी १९३९ मध्ये, तो काय करतो? गरिबांच्या अख्ख्या झोपडपट्टीतल्या पडक्या इमारती जमीनदोस्त करतो! का, तर सरकारने तिथे चांगली घरं बांधावीत म्हणून. वादळाने घरं पडली तर सरकार बांधून देतं, मग वादळाचं काम आपणच करू, असा त्याचा खाक्या.

‘‘आधी माणसांना बाहेर पडायला सांगतो,’’ थोरला म्हणाला.

यावर धाकट्याला काही सुचलं नाही. एवढी एकच फेरी थोरल्याने निर्विवाद जिंकली.

खरं तर या भांडणाचं मूळ २००६ मध्ये आहे. त्या वर्षी ‘सुपरमॅन रिटर्न्स’ आला. रीव्हच्या सिनेमांची आठवण जपणारा, हळवा. त्यात सुपरमॅन विमान झेलतो, जहाज उचलतो, पण कुणाला एक ठोसा मारत नाही. तेव्हा याच चाहत्यांनी गिल्ला केला होता, की हा कसला सुपरमॅन, साधी मारामारी नाही! तो गिल्ला स्टुडिओने ऐकला आणि पुढच्या खेपेला वाढप्याने आग्रह करकरून पान भरावं तशी मारामारी वाढली. त्यात कॉम्प्युटर आला होता. रीव्हच्या काळात इमारत पाडायची तर छोटी प्रतिकृती बनवायची, तारा लावायच्या. एक भिंत पाडायला आठवडा. आता इमारत कॉम्प्युटरवर उभी राहते आणि कॉम्प्युटरवर पडते. दहा पाडल्या काय नि शंभर पाडल्या काय, विटा कुणाच्याच बापाच्या नाहीत.

आपण भारतीय प्रेक्षकांनी या बाबतीत फार नाक वर करू नये. आपल्या हिंदी सिनेमात पाठलाग सुरू झाला की पहिला बळी भाजीच्या हातगाडीचा. टोमॅटो रस्ताभर, संत्री गडगडत गटारात. त्या गाडीवाल्याची दिवसाची कमाई गेली, ती भरून देणारा नायक कुणी पाहिलाय? त्याच २०१३ च्या १ नोव्हेंबरला, दिवाळीच्या तोंडावर ‘क्रिश ३’ लागला आणि क्रिश व काल यांनी मुंबईच्या आकाशाला भिडलेल्या इमारतींमध्ये तोच खेळ मांडला. दोघं भाऊ तोही एकत्र बघून आले. आश्चर्य म्हणजे त्यावरून भांडले नाहीत. त्यांचं भांडण सुपरमॅनवरच होतं. कारण अपेक्षा त्याच्याकडूनच होती.

इतके दिवस आई यात पडली नव्हती. ती एका रुग्णालयात नर्स होती, निवृत्तीला दोन वर्षं उरलेली. कॅज्युअल्टीची ड्युटी करून आल्यावर हे दोघं ज्या विषयावर घसा फोडत असत तो तिला पोरखेळ वाटायचा. पण एका रविवारी धाकट्याने स्नायडरचाच मुद्दा पुढे केला. दिग्दर्शकाने जपानमधल्या एका वृत्तपत्राला सांगितलं होतं, की त्याला सिनेमाला पुराणकथेचा बाज द्यायचा होता, आणि जुन्या पुराणकथांत मोठं संकट दाखवायला असंख्य माणसांचे मृत्यू येतातच. धाकटा आईकडे वळून म्हणाला, ‘‘बघ, आपल्या महाभारतात अठरा अक्षौहिणी सैन्य मरतं. तिथे कुणी विचारतं का, एवढी माणसं का मारली?’’

आई शेंगा सोलत होती. म्हणाली, ‘‘विचारतं तर! स्त्रीपर्व कशाला आहे मग?’’

दोघेही बघत राहिले. आईने प्रवचनांतून ऐकलेलं महाभारत तिच्या भाषेत सांगितलं. युद्ध संपलं म्हणून व्यास तिथे थांबत नाहीत. गांधारीला दिव्यदृष्टी देतात आणि ती बसल्या जागेवरून सगळं रणांगण पाहते. कोणाचा मुलगा कुठे पडलाय, कोणाची बायको कोणाचं डोकं मांडीवर घेऊन बसलीय, कोल्हे कुठे फिरताहेत, एकेक दाखवते कृष्णाला. शेवटी त्यालाच शाप देते. तुला थांबवता आलं असतं, थांबवलं नाहीस म्हणून. ‘‘तुमच्या त्या सिनेमात गांधारी कुठंय?’’ एवढं विचारून ती शेंगांची टरफलं टाकायला आत गेली.

धाकट्याच्या बाजूने एक गोष्ट नोंदवली पाहिजे. दिग्दर्शकाच्या कानावर हे सगळं गेलं होतं. मार्च २०१६ मध्ये त्याचाच ‘बॅटमॅन व्हर्सेस सुपरमॅन’ आला त्याची सुरुवातच अशी, की मेट्रोपोलिसची तीच लढाई आता खालून, रस्त्यावरून दिसते. ब्रूस वेन धुळीच्या लोटात गाडी घालतो, त्याच्या कंपनीची इमारत आतल्या माणसांसकट कोसळते, एका कर्मचाऱ्याचे पाय जातात, एक लहान मुलगी वर बोट दाखवून आई कुठे होती ते सांगते. वर आभाळात ठिपक्याएवढे दोघं जण झुंजतच असतात. न्यूयॉर्कच्या २००१ च्या जखमेवर बोट ठेवल्यासारखं ते दृश्य ज्यांना पहिला सिनेमा मुळीच आवडला नव्हता त्यांनीही वाखाणलं. पण त्याच सिनेमाच्या शेवटच्या मारामारीआधी एक वृत्तनिवेदक आवर्जून सांगतो, की कामाची वेळ संपल्याने शहराचा मध्यभाग जवळजवळ रिकामा आहे. बेटावर तर वस्तीच नाही! तेव्हा थिएटरात थोरला एवढ्या मोठ्याने हसला, की पुढच्या रांगेतल्या बाईंनी वळून पाहिलं. चूक सुधारण्याचीही एक रीत असते. गणिताच्या मास्तरांना दाखवायला उत्तर खोडून बाजूला दुसरं लिहावं तसं ते होतं.

दुसऱ्या कंपनीच्या वीरांनाही हा ताप चुकला नाही. २०१५ च्या ‘अ‍ॅव्हेंजर्स’मध्ये ती मंडळी लढण्यापेक्षा लोकांना बाहेर काढण्यातच जास्त वेळ घालवताना दिसली, एका प्रसंगात आयर्न मॅन तर इमारत कोसळवण्याआधी ती विकत घेता येईल का विचारतो. श्रीमंताचं बरं असतं! आणि २०१६ मध्ये ‘कॅप्टन अमेरिका : सिव्हिल वॉर’ हा सगळा सिनेमाच या प्रश्नावर उभा राहिला. तुमच्या लढायांत मेलेल्यांचं उत्तर कोण देणार? ११७ देश मिळून त्या वीरांना वेसण घालायचा करार करतात आणि वीरांमध्येच फूट पडते. रिक्षातला आईचा प्रश्न तीन वर्षांत असा जगभर फिरून आला.

मधल्या काळात घर पांगलं. थोरल्याची बदली पुण्याला झाली, धाकटा बंगळूरला गेला. आई निवृत्त होऊन ठाण्यातच राहिली. भांडण फोनवर गेलं. सिनेमाने किती धंदा केला इथपासून कॅव्हिलची उंची रीव्हपेक्षा कमी की जास्त इथपर्यंत सगळं त्यात आलं. ते सोडून देऊ. चाहत्यांच्या भांडणात निम्मा भुसाच असतो.

२०२० मध्ये टाळेबंदी लागली तेव्हा योगायोगाने धाकटा ठाण्यात अडकला. एका दुपारी टीव्हीवर ‘मॅन ऑफ स्टील’ लागला. आई भाजी निवडत समोर बसली. इमारती पडू लागल्या तशी धाकट्याने अपराध्यासारखी आवाजाची पट्टी खाली केली. पण आई म्हणाली, ‘‘थांब, आता तो संपादक येईल.’’

कुठला संपादक? धाकट्याला क्षणभर कळेना. मग दिसला. ‘डेली प्लॅनेट’ या वृत्तपत्राचा संपादक पेरी व्हाइट. भोवती सगळं कोसळत असताना त्याच्या ऑफिसातली एक तरुण मुलगी ढिगाऱ्याखाली अडकते. तो आणि एक सहकारी पहार घालून ते लोखंड हलवू पाहतात, हलत नाही. नाशाची लाट तर पुढेच येतेय. पळायला वाट आहे, वेळही थोडा आहे. ते पळत नाहीत. संपादक त्या मुलीचा हात हातात घेऊन तिथेच बसतो. वाचवायची शक्ती नाही, उडता येत नाही. फक्त हात धरलेला. शेवटी यंत्र बंद पडतं म्हणून तिघं वाचतात, पण हात धरताना त्याला हे ठाऊक नसतं.

‘‘तुझ्या सिनेमात हा एक माणूस चांगला आहे,’’ आई म्हणाली.

आणि मग तिने जे सांगितलं ते सात वर्षांत दोघा मुलांना तिने सांगितलं नव्हतं. ४ एप्रिल २०१३ च्या संध्याकाळी शिळफाट्याला बांधकाम चालू असलेली एक बहुमजली इमारत कोसळली. ७४ माणसं गेली. त्यात बांधकामावरचे मजूर होते, त्यांच्या बायका होत्या, पोरं होती. त्या रात्री आईची ड्युटी होती. ‘मॅन ऑफ स्टील’ला मुलांनी तिला हट्टाने नेलं ते त्यानंतर अवघ्या दहा आठवड्यांनी. तिने जायला नको म्हटलं नव्हतं; पोरं प्रेमाने नेताहेत, एवढंच तिने पाहिलं.

त्या रात्री एक बाई आणली होती. सगळ्या अंगावर सिमेंटची पांढरी धूळ, केसांतही. वय कळत नव्हतं. तिला मराठी येत नव्हतं आणि तिची भाषा आईला येत नव्हती. ऑपरेशन थिएटरला नंबर लागायचा होता, पुढे अजून गंभीर पेशंट होते. तिने आईचं मनगट जे धरलं ते सोडेना. दुसऱ्या सिस्टरने आईची बाकीची कामं अंगावर घेतली. पहाटे चारच्या सुमारास तिला आत नेलं तेव्हा तिची बोटं एकेक करून सोडवावी लागली. सात वाजता आईची ड्युटी संपली. बाहेर रिपोर्टर उभे होते, नातेवाईक होते. त्यांच्यातून वाट काढत ती घरी आली, आंघोळ केली, धाकट्याला परीक्षेला जायचं होतं म्हणून पोहे केले. तिची रजा आधीच मंजूर झालेली होती. पुढचे दोन दिवस ती रुग्णालयात गेली नाही. त्या बाईचं काय झालं ते तिला शेवटपर्यंत कळलं नाही. नावच विचारलेलं नव्हतं, तर चौकशी कुणाची करणार?

‘‘मनगटावर आठ दिवस वळ होते,’’ आई म्हणाली आणि गवारीच्या शेंगा घेऊन ओट्याकडे वळली.

धाकट्याने टीव्ही बंद केला. त्या रात्री पुण्याला फोन गेला तो बराच वेळ चालला. पण त्यात भांडण नव्हतं.

जुलै २०२५ मध्ये सुपरमॅन पुन्हा पहिल्यापासून आला. दिग्दर्शक जेम्स गन, नवा नट डेव्हिड कोरेन्स्वेट. काही चित्रीकरण झालं ते क्लीव्हलंडमध्ये, सिगेल आणि शूस्टर यांच्या गावात. आपल्याकडच्या सेन्सॉरने त्यातल्या ३३ सेकंदांच्या चुंबनाला कात्री लावली. पडणाऱ्या इमारती जशाच्या तशा ठेवल्या, त्याला कुणाची हरकत नव्हती! तर या सिनेमात एक अजस्र राक्षसी प्राणी शहरात धुमाकूळ घालतो आणि सुपरमॅनची सगळी धडपड, तो प्राणीसुद्धा मारू नये, जिवंत पकडावा अशी. एवढ्या धुमाळीत तो एक खार उचलून सुरक्षित जागी नेऊन ठेवतो. चाचणी खेळांना आलेल्या काही प्रेक्षकांना ती खार नको होती. गनने हट्टाने ठेवली. झालं! जगभरच्या चाहत्यांना बारा वर्षांनी नवं निमित्त मिळालं. स्नायडरचे चाहते म्हणू लागले, खारीसाठी थांबणारा देव कसला? रीव्हचे चाहते म्हणाले, खारीसाठी थांबतो म्हणूनच तो सुपरमॅन. आपल्याकडे रामाच्या सेतूपासून खारीचा मान मोठा. त्यामुळे इथले प्रेक्षक बहुधा दुसऱ्या बाजूला असावेत.

या खेपेला घरातून चौघं गेली. आई ६८ वर्षांची, गुडघे धरलेले. थोरल्याची नऊ वर्षांची मुलगी खार वाचली तेव्हा खुर्चीत उभी राहून टाळ्या वाजवत होती. धाकटा खास बंगळूरहून आला होता, वर्षातली रजा शिल्लक ठेवून.

बाहेर पडल्या पडल्या पुन्हा सुरू. मात्र या वेळी गंमत झाली. शेवटी अख्खं शहर मधोमध दुभंगतं, पण ते आधीच रिकामं केलेलं असतं; हे थोरल्यालाच पटेना. एवढं मोठं शहर इतक्या थोड्या वेळात रिकामं होतं का कुठे? म्हातारी माणसं, दवाखाने? ‘‘सोय बघितलीय,’’ तो म्हणाला. आणि धाकटा, ज्याने बारा वर्षं पडक्या इमारतींची वकिली केली तो, सारखा खारीवरच बोलत होता. त्या कुणाच्या लक्षात आलं नाही इतकं हळूच पक्ष बदलले होते. नात मधेच विचारत होती, खार कोणत्या झाडावर ठेवली?

लिफ्टपाशी आई थांबली. वर आकडा हळूहळू बदलत होता.

‘‘तो फलाफलवाला रे,’’ ती म्हणाली.

त्या सिनेमात एक फलाफल विकणारा आहे. मालिक त्याचं नाव. सुरुवातीला सुपरमॅन मार खाऊन रस्त्यावर खड्ड्यात पडतो तेव्हा त्याला हात देऊन उठवणारा तो. पुढे खलनायक लेक्स लूथर त्याला सुपरमॅनसमोर आणून उभा करतो आणि कैदेत असलेल्या सुपरमॅनच्या डोळ्यांदेखत गोळी घालतो. खार वाचते, तो वाचत नाही.

‘‘त्याच्या घरी जाऊन कुणी सांगितलं का नंतर? दाखवलं का?’’

थोरल्याने धाकट्याकडे पाहिलं. दोघांनी तो सिनेमा आत्ताच, दोन तासांहून अधिक वेळ डोळ्यांत तेल घालून पाहिला होता. कॅव्हिलची उंची त्यांना तोंडपाठ होती, १९३९ चा अंक पाठ होता.

‘‘दाखवलं असेल गं, आई,’’ धाकटा म्हणाला, ‘‘लक्षात नाही.’’

लिफ्ट आली. आईने नातीचा हात धरला आणि दोघी आत शिरल्या.